साहेबाचा मुलगा

गेल्या वर्षी वसतिगृहाच्या आमच्या खोलीत जो वाद रंगला, त्याचा विषय ऐकला तर मराठी विभागातले सर नक्की हसतील. सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या लंडनमधले दोन पंक बँड, सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश, यांत थोर कोण? माझा खोलीतला सोबती पिस्टल्सच्या बाजूचा, मी क्लॅशच्या. सुरुवात झाली ती 'स्लमडॉग मिलियनेअर' या मुंबईवरच्या चित्रपटातल्या एम.आय.ए.च्या गाण्यावरून. त्या गाण्यात सतत वाजणारी गिटार क्लॅशच्या १९८२ सालच्या एका गाण्यातून घेतलेली आहे, हे कळल्यावर आम्ही मागे मागे जात राहिलो आणि क्लॅशचा गायक जो स्ट्रमर याच्यापाशी येऊन अडलो.

सोबत्याचा आक्षेप साधा होता. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन हा लंडनमधल्या कष्टकरी आयरिश कुटुंबातला. तो चिडला, तर तो त्याचा हक्क. स्ट्रमर मात्र साहेबाचा मुलगा. त्याने गरिबांच्या वतीने ओरडावे हे निव्वळ सोंग. हा आक्षेप मला जरा जास्तच झोंबला. त्याचे कारण पुढे येईल.

आक्षेप खोटा नव्हता. स्ट्रमरचे खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म २१ ऑगस्ट १९५२, तुर्कस्तानची राजधानी अंकारा येथे. वडील रोनाल्ड मेलर यांचा जन्म आपल्याकडचा, लखनौचा. ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होते. आई स्कॉटलंडच्या उत्तर भागातल्या शेतकरी घरातली, पेशाने परिचारिका. कैरो, मेक्सिको सिटी, बॉन अशा बदल्यांतून बालपण गेले. नऊ वर्षांचा झाल्यावर जॉनला थोरला भाऊ डेव्हिड याच्याबरोबर इंग्लंडमधल्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. आईवडील भेटायचे ते सुटीत.

डेव्हिड अबोल होता. पुढे तो वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटकडे ओढला गेला आणि जुलै १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सापडलेल्या त्याच्या प्रेताची ओळख पटवायला अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या जॉनला जावे लागले. स्ट्रमर पुढे गोऱ्या-काळ्यांच्या एकीसाठी इतक्या हट्टाने का उभा राहिला, याचे मूळ मला इथे दिसते. तो स्वतः या विषयावर फारसे बोलत नसे.

त्यानंतर त्याने लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, पण शिक्षण अर्धवट सोडले. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावी दफनभूमीत कामाला राहिला, लंडनच्या भुयारी रेल्वेत युकेलेली वाजवून सुटे पैसे गोळा केले. वॉल्टर्टन रोडवरच्या एका ओस घरात मित्रांसह बेकायदा बिऱ्हाड थाटले. घराचा क्रमांक १०१, म्हणून बँडचे नाव वन-ओ-वनर्स. गिटारवर बारीक सुरावट काढणे त्याला जमत नसे. साऱ्या तारांवरून एकदम हात फिरवणे तेवढे जमे. त्या क्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून त्याने १९७५ मध्ये 'स्ट्रमर' हे नाव घेतले. उणीव लपवण्याऐवजी तिचेच आडनाव केले, ही गोष्ट मला फार आवडते.

एप्रिल १९७६ मध्ये लंडनच्या नॅशव्हिल रूम्समध्ये वन-ओ-वनर्सचा कार्यक्रम होता. त्यांच्याआधी एक नवा बँड वाजवणार होता, तो म्हणजे सेक्स पिस्टल्स. प्रेक्षकांना आपण आवडतो की नाही याची त्या पोरांना काडीची पर्वा नव्हती. ते पाहताच आपले दिवस भरले, हे स्ट्रमरने ओळखले. काही आठवड्यांतच बर्नी ऱ्होड्स या व्यवस्थापकाने त्याला मिक जोन्स आणि पॉल सिमोनन या दोन तरुणांशी जोडून दिले आणि क्लॅश उभा राहिला. ४ जुलै १९७६ रोजी शेफिल्डला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, तोही पिस्टल्सच्या आधीचा. ओस घरातले जुने सोबती मात्र मागे पडले. केस कापले, कपडे बदलले, जुन्या मित्रांना टाळू लागला. सोबती इथे माझ्याकडे बोट दाखवतो आणि मला उत्तर सुचत नाही.

पिस्टल्सचा झंझावात मोठा खरा. डिसेंबर १९७६ मध्ये दूरदर्शनवर त्यांनी शिव्या दिल्या आणि दोन्ही बँडांच्या एकत्र दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गावोगावच्या नगरपालिकांनी व सभागृहवाल्यांनी रद्द केले. राणीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७७ मध्ये, त्यांनी राष्ट्रगीताचेच शीर्षक घेऊन गाणे काढले. बीबीसीने त्यावर बंदी घातली तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बँड मोडला. एकच पुरी ध्वनिमुद्रिका आणि संपले. सोबत्याला नेमके हेच आवडते: आला, जाळले, गेला. म्हातारे व्हायला थांबले नाहीत. (१९९६ मध्ये ते पैशांसाठी पुन्हा एकत्र आले आणि दौऱ्याला नावही तसेच दिले, याची मी त्याला आठवण करून देतो. निदान खोटे तरी बोलले नाहीत, असे त्याचे म्हणणे.)

क्लॅशचे तसे नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सीबीएस या बड्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा छायाप्रती काढून वाटल्या जाणाऱ्या एका पंक नियतकालिकाच्या संपादकाने त्याच दिवशी पंक मेल्याचे जाहीर केले. पण त्याच क्लॅशने १९७९ अखेरची 'लंडन कॉलिंग' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका एकीच्या किमतीत विकायला लावली. पुढच्या वर्षी 'सँडिनिस्टा' तीन तबकड्यांची, तीही स्वस्तात. त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडून दिले. ३० एप्रिल १९७८ रोजी व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध मोठा मेळावा झाला, त्यात ते वाजवले. रेगेपासून जॅझपर्यंत जे कानावर पडले ते त्यांनी आपल्या गाण्यात घेतले. त्यातले काही फसले. 'सँडिनिस्टा'च्या तीन तबकड्यांतली निदान एक तरी कमी चालली असती असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता माझे कारण. मी आमच्या पथनाट्यात शेतमजूर होतो. वडील बँकेत अधिकारी, दर तीन वर्षांनी बदली. गाव कोणते, असे कोणी विचारले की माझी पंचाईत होते. मागल्या हिवाळ्यात एका खेड्यात प्रयोग संपल्यावर एका आजींनी माझा हात धरला आणि मी कुठला, कोणाचा, ते विचारले. मी एका गावाचे नाव ठोकून दिले, जमीन गेल्याचेही सांगितले. आजींच्या डोळ्यांत पाणी आले. मागे डफ घेऊन सोबती उभा होता. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्या दिवशी तो काही बोलला नाही. बोलला तो थेट स्ट्रमरच्या निमित्ताने.

स्ट्रमरची पुढली वर्षे वाईट गेली. १९८३ मध्ये त्याने मिक जोन्सला, म्हणजे बँडच्या निम्म्या संगीताला, काढून टाकले. १९८५ ची शेवटची ध्वनिमुद्रिका ऐकवत नाही. चूक उमगल्यावर तो जोन्सची क्षमा मागायला थेट बहामा बेटांवर गेला. मैत्री जुळली, बँड जुळला नाही. मग थोडे चित्रपट, आणि बरीचशी वर्षे रिकामी. १९९९ पासून मेस्कलेरोज हा नवा बँड घेऊन तो पुन्हा उभा राहिला. त्यांच्या २००१ च्या एका गाण्यात लंडनमधल्या परदेशी खाद्यपदार्थांची यादीच आहे; शीर्षकात आपल्या भेंडीच्या भाजीचे नाव त्याने मजेशीर बिघडवले आहे.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमधल्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये, लढ्यात उतरलेल्या अग्निशामक जवानांच्या मदतीसाठी त्याने कार्यक्रम केला. त्यात 'बँकरॉबर' हे क्लॅशचे जुने गाणे होते. त्या गाण्यातला निवेदक दरोडेखोराचा मुलगा आहे, आणि परराष्ट्र खात्यातल्या माणसाच्या मुलाने ते गावे याची १९८० मध्ये पुष्कळ टिंगल झाली होती. ते गाणे चालू असताना प्रेक्षकांतला मिक जोन्स, काही ठरलेले नसताना, गिटार घेऊन मंचावर चढला. सुमारे एकोणीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवत होते. आणखी दोन गाणी झाली. शेवटचे, अग्निशामक जवानांसमोर, लंडन जळत असल्याचे.

२२ डिसेंबर २००२ रोजी सॉमरसेटमधल्या घरी स्ट्रमर वारला. हृदयात जन्मापासूनचा दोष होता, तो कोणाला कळलाच नव्हता. वय पन्नास.

सोबती अजून पिस्टल्सच्याच बाजूचा आहे. 'बँकरॉबर' मात्र तो स्वतःहून लावतो. यंदाच्या पथनाट्याचा तिसरा प्रयोग त्याच खेड्यात आहे. आजी भेटल्या तर काय सांगायचे, ते मी अजून ठरवलेले नाही. डफ त्याच्याकडेच आहे.