पुराव्यासह महाभारत : डॉ. वि. सी. सुखठणकर

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा मराठी घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तेव्हा तिच्या मुख्य संहितेत ही कथा नव्हती. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक हस्तलिखितांत ती आढळत नाही, म्हणून संपादकांनी ती परिशिष्टात नेली. तेथे ती संपूर्ण छापलेली आहे आणि कोणत्या प्रतीत आहे, याची नोंदही सोबत आहे. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल, त्याने तो तपासून पाहावा, अशी ही सोय होती. ती करणारे संपादक म्हणजे डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर.

संशोधनाची साधने, पद्धत आणि निष्कर्ष इतरांना पडताळता येतील अशा रीतीने खुले ठेवावेत, असा आग्रह आज जगभरच्या विद्यापीठांतून धरला जातो. त्याला मुक्त विज्ञान असे नाव मिळण्यापूर्वी कित्येक दशके पुण्यात हा शिरस्ता एका संस्कृत ग्रंथाच्या निमित्ताने पाळला जात होता.

सुखठणकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स या विख्यात पंडितांच्या हाताखाली ते संस्कृत व्याकरणाकडे वळले आणि शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहिला. मायदेशी परतल्यावर काही काळ पुरातत्त्व खात्यात त्यांनी शिलालेखांचे काम केले. भासाच्या नाटकांवरही त्यांनी लेखन केले. तथापि गणिती शिस्तीची खरी कसोटी लागली ती १९२५ साली, महाभारत प्रकल्पाचे प्रमुख संपादकपद त्यांच्याकडे आले तेव्हा.

प्रकल्पाचा आरंभ १९१९ सालीच झाला होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी १ लाख रुपयांच्या देणगीचे वचन दिले होते. सुखठणकरांपूर्वी ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती १९२३ साली विद्वानांपुढे मांडली होती. म्हणजे काम पक्के होण्याआधीच ते टीकेसाठी बाहेर ठेवण्याची रीत येथे होती. सुखठणकरांनी तिला शास्त्राचे रूप दिले.

पाठ ताडून पाहण्याचे हे काम विलक्षण चिकाटीचे होते. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र कागद, त्यावर चौकटी, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील फरक. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या वाचणारी माणसे हवीत. ही ताडणी केवळ पुण्यातच होत नव्हती, शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही तिची केंद्रे होती. आदिपर्वासाठी सुमारे ६० प्रती अशा रीतीने वापरल्या गेल्या. काश्मीरमधील आणि केरळमधील पोथ्या एकमेकींपासून इतक्या दूर वाढल्या की, त्यांचा पाठ जेथे जुळतो तेथे तो जुना असण्याचा संभव अधिक, हे त्यांच्या युक्तिवादाचे एक प्रमुख सूत्र होते.

छापलेले पान पाहिले म्हणजे या माणसाचा स्वभाव कळतो. वरच्या भागात संहितेचे मोजके श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. जेथे संपादकाची खात्री नाही, तेथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. स्वतःच्या शंकेची जागा अशी जाहीरपणे दाखविणारे विद्वान फार नसतात. गाळलेले श्लोकही तारांकित करून तळाशी दिलेले आहेत.

आक्षेप अर्थातच आले. फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हाँ लेव्ही यांच्या मते मूळ संहिता सिद्ध करण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याखाली पाठभेद द्यावेत, हेच बरे होते. सुखठणकरांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. पुढे ज्या अभ्यासकांना त्यांची निवड पटली नाही, त्यांनाही आपल्या बाजूचा पुरावा याच तळटीपांतून आणि परिशिष्टांतून मिळाला.

एक पडताळा मात्र त्यांच्या हयातीतच आला. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक अतिशय जुनी पोथी उपलब्ध झाली. संहिता सिद्ध करताना ती सुखठणकरांपुढे नव्हती, आणि तरीही त्यांच्या कितीतरी निर्णयांना तिने दुजोरा दिला. या पोथीचा तपशीलही त्यांनी लगोलग संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या खुलेपणाला मर्यादा होती, हेही नमूद केले पाहिजे. पोथ्यांचा सारा हिशेब मांडणारी आदिपर्वाची विस्तृत प्रस्तावना इंग्रजीत आहे आणि तळटीपांची सांकेतिक भाषा शिकल्याशिवाय उलगडत नाही. पुराव्याचे दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता. मुंबईच्या सामान्य वाचकाला गणपतीची कथा गेली एवढेच कळले असेल.

आरण्यकपर्व त्यांनी १९४२ साली पूर्ण केले. मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देण्याचे त्यांनी स्वीकारले होते. तीन झाली. चौथे देण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ही व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने आली. संपादनाची धुरा आधी श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी वाहिली, आणि १९६६ साली अठराही पर्वे पुरी झाली. पुढे जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आता ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.