पत्त्यांचा तपस्वी : डाय व्हर्नन

पत्ते म्हटले की आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडते, आणि ती अगदीच अकारण पडते असे आम्ही म्हणणार नाही. जुगाराने संसार धुळीस मिळाल्याच्या कथा गावोगावी ऐकू येतात. तथापि त्याच बावन्न पानांवर निर्दोष करमणूकही पुष्कळ होते. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट व झब्बू रंगतो. खडवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मांडीवर पिशवी ठेवून मांडलेले डाव कोणी पाहिले नाहीत? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची १२० गोल पाने तर कलावस्तू म्हणून वाखाणली जातात. पत्त्यांच्या ह्याच पानांची एका पुरुषाने जन्मभर उपासना केली, आणि तीही डाव जिंकण्यासाठी नव्हे, तर पाहणाऱ्यास विस्मयाचा एक क्षण देण्यासाठी. त्याचे चरित्र वाचकांस सादर करावे असे आम्हांस वाटले.

जादूगार म्हटला की मराठी माणसास जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) आठवतात आणि साऱ्या देशास पी. सी. सरकार (१९१३–१९७१). त्यांची कला रंगमंचावरील, भव्य देखाव्याची. डाय व्हर्नन ह्यांची कला निराळी. मेजाभोवती बसलेली चार माणसे आणि एक पत्त्यांचा कॅट, एवढीच तिची सामग्री.

त्यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी कॅनडातील ओटावा शहरी झाला. मूळ नाव डेव्हिड व्हर्नर. वडील सरकारी नोकरीत असून त्यांना जादूचा नाद होता. तोच वारसा मुलाकडे आला. १९०२ साली शिकागोस अर्डनेस ह्या टोपणनावाने एका अज्ञात लेखकाने पत्त्यांच्या हातचलाखीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान वयातच व्हर्नन ह्यांनी तो मुखोद्गत केला. पुढे यंत्रशास्त्राचे शिक्षण मधेच टाकून ते न्यूयॉर्कला आले आणि काळ्या कागदातून माणसांच्या छायाकृती कातरून उदरनिर्वाह करू लागले.

१९२२ साली शिकागो येथे जगप्रसिद्ध हूडिनीशी त्यांची गाठ पडली. पत्त्यांचा कोणताही खेळ तीनदा पाहिला की आपण त्यातील मर्म ओळखतो, अशी हूडिनीची प्रौढी असे. व्हर्नन ह्यांनी त्यास एक पान निवडावयास सांगून त्यावर त्याची आद्याक्षरे लिहून घेतली, ते सर्वांदेखत वरून दुसरे ठेवले, आणि लगेच सर्वांत वरचे पान उलटून दाखविले, तो तेच! हा प्रकार सातआठ वेळा झाला तरी हूडिनीस उलगडा झाला नाही.

त्यांची ज्ञानलालसा विलक्षण होती. १९३२ साली विचिटा गावच्या तुरुंगातील एका कैद्याकडून त्यांना समजले की, कॅटच्या मधोमधून पान काढून बेमालूम वाटणारा एक जुगारी अस्तित्वात आहे. ते त्याच्या शोधास लागले, आणि अखेर मिसूरी राज्यातील प्लेझंट हिल ह्या लहानशा गावी ॲलन केनेडी नावाचा तो इसम त्यांना भेटला. विद्या जुगाऱ्याची, परंतु व्हर्नन ह्यांनी तिचा उपयोग करमणुकीसाठी केला.

त्यांचे मुख्य तत्त्व स्वाभाविकता हे होय. हात रिकामा असता जसा हलतो, तसाच तो युक्ती करतानाही हलला पाहिजे. पाहणाऱ्यास कौशल्य दिसले तर जादू संपली. म्हणून एकेका हालचालीवर ते वर्षानुवर्षे मेहनत घेत.

ह्याच्या उलट अभिरुचीचे अध्वर्यू म्हणजे शिकागोचे एडवर्ड मार्लो (१९१३–१९९१). हे यंत्रशाळेत काम करून उरल्या वेळात पत्त्यांचे संशोधन करीत. एकच परिणाम साधण्याच्या अनेक रीती ते शोधून काढीत व छापून प्रसिद्ध करीत. व्हर्ननपंथीयांस हा पसारा वाटे, तर मार्लोपंथीयांस व्हर्नन ह्यांचा साधेपणा अपुरा वाटे. जाणत्यांत हा वाद दीर्घकाळ चालला. आम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. एकच उदाहरण पाच रीतींनी सोडविणारा विद्यार्थी आम्हांस प्रिय असे. पण जो एकाच रीतीने, खाडाखोड न करता, शेजाऱ्यास समजेल असे सोडवी, त्याची वही आम्ही वर्गात फिरवीत असू. आमचा कौल कोणीकडे आहे हे वाचकांनी ओळखलेच असेल.

परंतु ह्या तपश्चर्येची किंमत कोणी दिली? १९२४ साली व्हर्नन ह्यांचा जीन हेज ह्यांच्याशी विवाह झाला व त्यांना दोन पुत्र झाले. पतीचे चित्त सदैव पत्त्यांत व भटकंतीत. संसाराचा भार बहुतांशी त्या माउलीने वाहिला, आणि पुढे ती उभयता विभक्त झाली. न्यूयॉर्क येथे बांधकामाची नोकरी पत्करली असता व्हर्नन उंचावरून नदीत पडले व त्यांचे दोन्ही हात मोडले. त्यातून बरे होताच त्यांनी पुन्हा पत्ते हाती घेतले! चिकाटी वंदनीय खरी. पण घरच्या माणसांकडे झालेले दुर्लक्ष आम्ही गौरवाच्या भरात झाकून ठेवू इच्छीत नाही.

१९६३ साली हॉलिवुड येथे मॅजिक कॅसल हे जादूगारांचे मंदिर उघडले. तेथे व्हर्नन सुमारे तीन दशके आचार्यपदी बसले. जगभरचे तरुण येत. त्यांचे हात पाहून ते दोष दाखवीत. पर्सी डायाकोनिस हा मुलगा १९५९ साली, चौदाव्या वर्षी, घर सोडून त्यांच्यासमवेत हिंडला होता. तो पुढे नामांकित गणिती झाला. कॅटचे दोन भाग एकमेकांत मिसळून पिसल्यास बावन्न पाने पुरती मिसळण्यास सुमारे सात वेळा पिसावे लागते, हे त्याने डेव्ह बेयर ह्यांच्यासह १९९२ साली सिद्ध केले. त्याच वर्षी २१ ऑगस्ट रोजी, ९८ व्या वर्षी, गुरूंचे देहावसान झाले. आजही पत्त्यांची जादू शिकणाऱ्यास त्यांच्या मार्गावरून जावे लागते, मग तो मार्लोपंथी का असेना.

असो. घरातील मुलाच्या हाती पत्ते दिसले, तर ते हिसकावून घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तो काय करीत आहे हे क्षणभर पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. पैसे लावीत असेल तर अवश्य हिसकावावे. परंतु अभ्यास आटोपून एखादी युक्ती तो पुन्हापुन्हा घोटीत असेल, तर त्याच्यासमोर बसावे आणि तो म्हणेल तेव्हा एक पान निवडावे.