वाकड्या फटक्याशी झुंज : बेन होगन

गोल्फमध्ये प्रत्येक होलचा आरंभ टीवरून होतो. छोट्याशा खुंटीवर चेंडू ठेवलेला असतो, समोर मोकळे मैदान असते आणि खेळाडूला अडवायला कोणी प्रतिस्पर्धी नसतो. चेंडू स्थिर, खेळाडू स्थिर; तरीही हाच फटका भल्याभल्यांची परीक्षा पाहतो. चेंडूला भिडण्याच्या क्षणी क्लबचे तोंड किंचित जरी वळले, तरी दोन-अडीचशे यार्डांच्या प्रवासात त्या किंचित चुकीचे अंतर वाढत जाते आणि चेंडू फेअरवे सोडून दाट गवतात किंवा झाडीत विसावतो. हा पहिला फटका दर वेळी एकसारखा कसा जावा, या एका प्रश्नाच्या मागे अमेरिकेच्या बेन होगनने उमेदीची पंधरा-सोळा वर्षे घालवली. त्याच्या आयुष्यात दारिद्र्य होते, अपघात होता, कीर्तीही होती. परंतु या सर्वांच्या तळाशी होता तो डावीकडे वळणारा एक फटका.

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी टेक्सास राज्यातील स्टीफनव्हिल येथे झाला. बालपण जवळच्या डब्लिन या गावी गेले. वडील चेस्टर लोहारकाम करीत. मोटारगाड्या आल्या, घोडे कमी झाले आणि लोहाराच्या भात्यातील निखारेही विझू लागले. कुटुंब फोर्ट वर्थला आले, आणि तेथेच १९२२ मध्ये चेस्टरने स्वतःवर गोळी झाडून जीवन संपवले. बेन त्या वेळी नऊ वर्षांचा होता. घर चालवण्यासाठी भावंडांना हातभार लावणे भाग होते. बेन रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकू लागला. पुढे ग्लेन गार्डन क्लबमध्ये सामान वाहणाऱ्या कॅडी मुलांना चांगले पैसे मिळतात असे त्याला कळले, आणि तो तिकडे वळला. त्याच मुलांत त्याच्याच वयाचा बायरन नेल्सन होता. १९२७ च्या नाताळात कॅडींच्या स्पर्धेत नेल्सनने त्याला एका फटक्याने हरवले. पुढील अनेक वर्षे नेल्सनचे यश पाहणे आणि आपण मागे राहणे, हेच होगनच्या वाट्याला आले.

१९३० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. अंगयष्टी सडपातळ, उंची मध्यम. मोठ्या चणीच्या खेळाडूंइतका लांब फटका मारायचा तर अंगातील सारे बळ आणि वेग मनगटातून क्लबमध्ये उतरवावा लागे. त्या वेगाचे मोल त्याला हुकच्या रूपाने मोजावे लागले. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत डावीकडे वळतो, त्याला हुक म्हणतात. क्लब ज्या दिशेने फिरत येतो, त्या दिशेच्या मानाने त्याचे तोंड बंद, म्हणजे डावीकडे वळलेले राहिले, की हुक होतो. असा चेंडू खाली पडल्यावरही थांबत नाही. सरपटत दूर जातो आणि संकट अधिकच वाढवतो. होगनचा हुक एखाद्या दिवशी सौम्य असे, तर एखाद्या दिवशी भयंकर. हे अनिश्चितपण त्याच्या वैऱ्याचे खरे बळ होते. चूक रोज सारखी झाली तर तिचा हिशेब ठेवता येतो. रोज बदलणाऱ्या चुकीचा हिशेब कोण ठेवणार?

पैशांअभावी त्याला एकाहून अधिक वेळा स्पर्धा सोडून घरी परतावे लागले. १९३५ मध्ये व्हॅलेरी फॉक्सशी त्याचा विवाह झाला. दोघे जुन्या मोटारीतून गावोगावच्या स्पर्धांना जात. १९३८ च्या प्रारंभी ओकलंड येथे, गाठीचे पैसे संपत आले असताना, एका सकाळी गाडीची चाके चोरीला गेलेली दिसली. तशाही स्थितीत तो मैदानावर पोहोचला, खेळला, आणि मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेने पुढचा प्रवास शक्य झाला.

सराव हेच त्याचे उत्तर होते. त्या काळी बहुतेक व्यावसायिक खेळाडू स्पर्धेपूर्वी थोडे हात मोकळे करीत आणि खेळायला जात. होगन मात्र फेरीपूर्वी सराव करी, फेरीनंतरही करी. चेंडूंचा ढीग समोर ओतायचा, दूरवर कॅडीला उभे करायचे आणि चेंडू त्याच्या पायाशी पडेपर्यंत थांबायचे नाही, असा क्रम. यात केवळ घाम गाळणे नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिचा परिणाम पाहायचा, टिकली तर ठेवायची, नाही तर सोडून द्यायची. प्रयोगशाळेतील शिस्त त्याने गवतावर आणली.

मार्च १९४० मध्ये पाइनहर्स्ट येथे हेन्री पिकार्ड या सहृदय खेळाडूने त्याला आपला एक ड्रायव्हर दिला. होगनने तेथे पहिली वैयक्तिक स्पर्धा जिंकली आणि सुमारे दोन आठवड्यांत आणखी दोन जिंकल्या. १९४०, १९४१ आणि १९४२ अशी सलग तीन वर्षे त्याची कमाई सर्वांत अधिक होती. मग महायुद्धाने त्याला हवाई दलात नेले. परतल्यावर, १९४६ च्या सुमारास, त्याला हुकवरचा कायमचा तोडगा सापडला. डावा हात क्लबवर थोडा डावीकडे सरकवून अंगठा दांड्याच्या माथ्यावर आणायचा. क्लब मागे नेताना त्याचे तोंड हळूहळू उघडायचे. आणि वर पोहोचल्यावर डावे मनगट किंचित मागे झुकवायचे. इतके केल्यावर क्लब कितीही वेगाने फिरवला तरी तोंड बंद होण्यास वावच उरत नसे. चेंडू आता अखेरीस हलकेच उजवीकडे झुकू लागला. या वळणाला फेड म्हणतात. फेड झालेला चेंडू फार सरपटत नाही. जेथे पडतो, त्याच्या आसपासच थांबतो. होगनने सरळ फटक्याचा हट्ट सोडला आणि एकाच बाजूला, एकाच मापाने वळणारा फटका स्वीकारला. चेंडू डावीकडे जाणारच नाही ही खात्री झाल्यावर मैदानाची अर्धी भीती संपली. त्याच वर्षी त्याने पीजीए अजिंक्यपद जिंकले, आणि १९४८ मध्ये यूएस ओपनही.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमधील व्हॅन हॉर्न गावाजवळ, दाट धुक्यात, एक बस त्याच्या मोटारीवर समोरून आदळली. व्हॅलेरीला वाचवण्यासाठी त्याने स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिले. त्यामुळे दोघेही वाचले, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या आसनातून आरपार गेला होता. कंबरेचे हाड, गळ्याचे हाड, घोटा आणि बरगडी मोडली. पुढे रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्याने शस्त्रक्रिया करून मोठी शीर बांधावी लागली. पायांची सूज आणि वेदना जन्मभर राहिल्या.

सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, तो मेरियनला यूएस ओपन खेळत होता. अखेरच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल चालायचे होते आणि पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. शेवटच्या होलवर टीवरून मारलेला चेंडू जुनी खाण ओलांडून फेअरवेवर पडला. मग एक नंबरच्या लोखंडी क्लबने त्याने तो ग्रीनवर पोहोचवला. बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीत त्याने लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फाझिओ यांना मागे टाकले. अचूकतेचा खरा अर्थ त्या दिवशी दिसला. शरीर थकले होते, पण कृती इतकी मुरलेली होती की ती मोडली नाही. पुढच्या वर्षी ओकलंड हिल्सचे फेअरवे मुद्दाम चिंचोळे करून दोन्ही बाजूंना बंकर खोदले गेले. तेथे अखेरच्या फेरीत ६७ फटक्यांत खेळून त्याने विजेतेपद राखले.

१९५३ मध्ये तो सहा स्पर्धा खेळला आणि पाच जिंकला. मास्टर्स आणि यूएस ओपननंतर तो प्रथमच ब्रिटिश ओपनसाठी स्कॉटलंडमधील कार्नुस्टीला गेला. तेथील सहाव्या होलवर डावीकडे हद्दीचे कुंपण आणि मधोमध बंकर. दोहोंमध्ये जेमतेम एक पट्टा. बहुतेक खेळाडू तो टाळीत. होगन कुंपणाच्या अंगाने चेंडू सोडून तो पट्ट्यात आणीत राहिला, अशी आठवण तेथे सांगितली जाते. त्या वाटेला आज त्याचेच नाव आहे. ७३, ७१, ७०, ६८ अशा, दर फेरीगणिक सुधारत गेलेल्या खेळाने त्याने ती स्पर्धा जिंकली. पुन्हा तो ब्रिटिश ओपनला गेला नाही.

जुना वैरी मात्र एकदा परतला. १९५५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर, फारसे नाव नसलेल्या जॅक फ्लेकशी बरोबरी झाल्यावर निर्णायक फेरी होती. अठराव्या टीवर होगन फक्त एका फटक्याने मागे होता. फटका मारताना त्याचा पाय घसरला, चेंडू डावीकडे वळून उंच गवतात गेला आणि पाचवे यूएस ओपन हातचे निसटले. फ्लेक ज्या क्लबांनी खेळत होता, ते होगनच्याच कारखान्यात तयार झालेले होते.

१९५७ मध्ये हर्बर्ट वॉरन विंड यांच्या साहाय्याने त्याने आपल्या तंत्रावर पाच धड्यांचे पुस्तक लिहिले. पहिला धडा केवळ क्लब धरण्याच्या पद्धतीचा आहे. ते पुस्तक आजही वाचले जाते. पण एक सावधगिरी हवी. हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांचा चेंडू उजवीकडे भरकटतो. हुकवरचे होगनचे औषध त्यांनी जसेच्या तसे घेतले तर दुखणे वाढेल. त्याच्याकडून घ्यायची ती पद्धत. आधी आपला चेंडू कोणीकडे वळतो हे प्रामाणिकपणे पाहावे, प्रत्येक फटक्यापूर्वी हाताची पकड आणि पायांची जागा तीच ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा, आणि ओळखीचे झालेले वळण गृहीत धरून नेम धरावा.

नऊ मोठी अजिंक्यपदे मिळवलेला हा अबोल माणूस २५ जुलै १९९७ रोजी फोर्ट वर्थ येथे निवर्तला. स्पर्धा सोडल्यानंतरही, उतारवयात शक्य होते तोवर, तो चेंडूंची पिशवी घेऊन एकटाच सरावाला जात असे.