विश्लेषण : एव्हरेस्टवर पिसांचा कोट नेणारे जॉर्ज फिंच कोण होते? स्वस्त स्लीपिंग बॅगशी त्यांचा काय संबंध?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) १९५२ ते १९५७ या काळातील संचालक प्रा. जॉर्ज इंगल फिंच यांचे नाव विज्ञानापेक्षा गिर्यारोहणाच्या इतिहासात अधिक घेतले जाते. हिवाळी ट्रेकसाठी डाऊन जॅकेट किंवा डाऊन स्लीपिंग बॅग शोधणाऱ्यांनी या माणसाची गोष्ट जाणून घ्यायला हवी. ऊब कुठून येते आणि कुठे निसटते, हे त्यांनी जिवावर बेतलेल्या प्रसंगात ताडून पाहिले होते.

ऑस्ट्रेलिया ते आल्प्स

फिंच यांचा जन्म ४ ऑगस्ट १८८८ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, ऑरेंज येथे झाला. किशोरवयात ते युरोपात आले. पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पण ते सोडून झुरिचमध्ये रसायनशास्त्राकडे वळले. सुट्टी मिळाली की धाकटा भाऊ मॅक्स याच्यासह आल्प्स गाठायचे, तेही वाटाड्याशिवाय. लंडनच्या प्रतिष्ठित गिर्यारोहकांना ही पद्धत रुचणारी नव्हती. पुढे ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात रुजू झाले आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात होते. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेतून वैद्यकीय कारण देऊन त्यांना वगळण्यात आले. १९२२ मध्ये मात्र संधी मिळाली.

कोट कसा होता?

त्या काळी गिर्यारोहक लोकर, रेशीम आणि गॅबर्डिनचे थर एकावर एक चढवत. डाऊनच्या दुलया आणि झोपण्याच्या पिशव्या तेव्हाही होत्या. डाऊन अंगावर घालून चढायचे मात्र कुणाच्या मनात आले नव्हते. फिंच यांनी हवाई फुग्याचे घट्ट विणीचे हलके कापड घेतले, त्यात आयडर या उत्तरेकडील समुद्री बदकाच्या छातीवरची लव भरली आणि गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला. सोबतच्या मंडळींनी या गुबगुबीत अवताराची थट्टा केली. उंचावरचे वारे सुरू झाल्यावर ती थांबली.

यातले शास्त्र आपल्या रजईचेच आहे. लव स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या तंतूंत अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कापूस दबून चपटा झाला की रजई थंड पडते, म्हणून ती पिंजाऱ्याकडे द्यावी लागते. डाऊन दबला की तोच प्रकार. बाहेरचे कापड वारा आत येऊ देत असेल, तर आतला डाऊन कितीही चांगला असला तरी उपयोग मर्यादितच.

२५,५०० फुटांवरच्या दोन रात्री

मे १९२२ च्या अखेरीस फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा यांनी सुमारे २५,५०० फुटांवर तंबू ठोकला. ब्रूस यांना अशा चढाईचा अनुभव जवळपास नव्हताच. त्या रात्री वादळ आले. तंबू उडू नये म्हणून तिघे रात्रभर तो धरून बसले. दुसऱ्या दिवशीही वारा थांबेना. संध्याकाळी खालच्या छावणीतून भारवाहक गरम पेयाचे थर्मास घेऊन वर पोहोचले, तरी दुसऱ्या रात्री थंडी हाडांपर्यंत शिरू लागली. अन्न संपत आले होते. तेव्हा फिंच यांनी चढाईसाठी आणलेला ऑक्सिजन झोपताना वापरायचे ठरवले. नळीतून थोडा थोडा प्राणवायू मिळू लागताच अंगात ऊब परतली आणि तिघेही झोपले.

शरीर ही भट्टी आहे. अन्न हे तिचे इंधन, ऑक्सिजन हे ज्वलनाचे साधन. भट्टीच विझत असेल तर पिसे काय राखणार? रसायनशास्त्रज्ञाला हे सुचावे यात नवल नाही, पण त्या मोहिमेत ऑक्सिजनवर विश्वास असणारे थोडेच होते. २७ मे रोजी ते निघाले. तेजबीर सुमारे २६,००० फुटांवर थकून परतले. फिंच आणि ब्रूस सुमारे २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. मॅलरी, नॉर्टन व सॉमरवेल यांनी सहाच दिवसांपूर्वी ऑक्सिजनशिवाय गाठलेल्या २६,९८५ फुटांच्या पुढे. ब्रूस यांचे ऑक्सिजन उपकरण बिघडले. ते दुरुस्त झाले, पण शिखर सोडून परतावे लागले.

स्वस्त बॅग सुधारता येते?

बऱ्याच अंशी. स्वस्त डाऊन बॅगेत सहसा लवेबरोबर दांडीची पिसेही जास्त असतात. लेबलवर ८०/२० लिहिले असेल तर ८० टक्के डाऊन, बाकी पिसे. ‘फिल पॉवर’ म्हणजे एक औंस (२८ ग्रॅम) डाऊन किती घनइंच फुलतो तो आकडा. दुसरी अडचण शिवणीची. रजईसारखे आरपार टाके असले की प्रत्येक टाक्याच्या रेषेवर डाऊन नसतोच आणि तिथून थंडी येते. लेबलवरचे तापमानही नीट वाचावे. मोठ्या अक्षरांतला आकडा अनेकदा जिवंत राहण्याची शेवटची मर्यादा सांगतो, आरामाची नव्हे.

सर्वात मोठा फरक बॅगेत नसून तिच्याखाली असतो. अंगाखालचा डाऊन वजनाने चपटा होतो आणि जमीन उष्णता ओढून घेते. म्हणून पहिले पैसे चांगल्या फोमच्या मॅटवर घालावेत. जमल्यास दोन मॅट. बॅग मुक्कामाला पोहोचताच पिशवीतून काढून झटकावी आणि फुलू द्यावी. चेनजवळ किंवा मानेपाशी फट असेल तर मफलर खोचावा. आत रेशमी किंवा फ्लीसचे अस्तर चालते. वरून जड गोधडी मात्र टाकू नये, डाऊन दबतो. तोंड बॅगेत घालून श्वास सोडू नये; ती वाफ डाऊन ओला करते. सह्याद्रीत उघड्या पठारावर झोपणाऱ्यांचा खरा शत्रू दहिवर असते, तेव्हा डोक्यावर तंबू हवाच. झोपण्यापूर्वी पोटभर, थोडे तुपाचे खावे, हा भट्टीचा नियम.

घामाने, तेलाने गोळे झालेली जुनी बॅग धुतली की पुष्कळदा पुन्हा फुलते. टबात सौम्य द्रवरूप साबण वापरावा, पिळू नये, उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा. ड्रायर असल्यास मंद तापमानावर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल सोबत टाकावेत. नसल्यास गोळे हाताने सोडवत पूर्ण वाळवावी. घरी ती दाबून नव्हे, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. शिवण उसवून छाती आणि पायांच्या कप्प्यांत जास्तीचा डाऊन भरणारेही आहेत. पंखा बंद करून हे करावे! आरपार टाक्यांच्या बॅगेत मात्र टाक्यांवरची थंडी त्याने जात नाही.

१९२४ मध्ये फिंच का नव्हते?

व्याख्यानांच्या मानधनावरून त्यांचा एव्हरेस्ट समितीशी वाद झाला आणि पुढच्या मोहिमेतून ते बाहेर राहिले. त्या मोहिमेत मॅलरी आणि अर्व्हिन परतले नाहीत. १९९९ मध्ये मॅलरी यांचा मृतदेह सापडला तेव्हा अंगावर जुन्या पद्धतीचेच थर होते, डाऊन नव्हता. डाऊनचा कोट असता तर ते वाचले असते, असे म्हणणे ओढूनताणून होईल. उपकरणे आणि ऊब यांचा सर्वाधिक विचार केलेला माणूस मात्र समितीने घरी ठेवला, हे खरे.

पुण्यातील वर्षे

फिंच यांनी नंतर विज्ञानात मन रमवले. १९३६ मध्ये ते प्राध्यापक झाले, १९३८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. इम्पिरियल कॉलेजातून निवृत्त होऊन १९५२ मध्ये ते पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये आले. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी ऑक्सिजन घेऊन आणि डाऊनचे कपडे सोबत नेऊन एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले, तेव्हा फिंच एनसीएलचा कारभार पाहत होते. १९५७ मध्ये त्यांच्यानंतर के. वेंकटरमण हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. इंग्लंडला परतल्यावर, एकेकाळी नाक मुरडणाऱ्या वर्तुळातल्याच अल्पाइन क्लबने त्यांना १९५९ मध्ये अध्यक्ष केले. २२ नोव्हेंबर १९७० रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.