जोतिबांचा हौद आणि पुण्याचं पाणी

क्रांतिबा जोतिराव फुले म्हटले की आपल्याला १८४८ ची मुलींची शाळा आठवते, सावित्रीमाई आठवतात, सत्यशोधक समाज आठवतो. ते बरोबरच आहे. पण पाण्याच्या प्रश्नी जोतिबांनी जे केले ते आपल्या सभांतून फारसे सांगितले जात नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तेवढेच मांडतो.

जोतिबा १८२७ साली माळ्याच्या घरी जन्मले. त्या वेळी पुण्याला पाणी यायचं ते पेशव्यांनी बांधलेल्या कात्रजच्या नळातून. तळ्यातलं पाणी जमिनीखालून आणून शहरातल्या हौदांत सोडलेलं. हौद म्हणायला सर्वांचे, पण आपल्या माणसांनी शिवायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. चाळीत नळावर पहाटे चार वाजता नंबर लावणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तो अपमान पुरता कळणार नाही. १८६८ साली जोतिबांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला १९२७ साली, म्हणजे पुढे ५९ वर्षांनी. बाबासाहेबांनी त्यांना गुरू मानले ते उगाच नव्हे.

तिकडे शहर फुगत होतं. लष्कराचा कॅम्प, खडकीची छावणी, सगळ्यांना पाणी पाहिजे. मग इंग्रज सरकारने मुठा नदीवर खडकवासल्याला धरण बांधलं आणि शहराला, छावणीला व खालच्या शेतांना पाणी मिळावं म्हणून कालवे काढले. या कामात कंत्राटदार म्हणून जोतिबाही होते. दगड फोडणारा मजूर काय खातो आणि बांधकाम खात्यातला कारकून काय खातो, हे त्यांनी जवळून पाहिलं. लिहिताना मग हातचं राखलं नाही.

१८७६ ते १८८२ जोतिबा पुणे म्युनिसिपालटीत सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा ठराव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं म्हणून विरोध करणारे जोतिबा एकटेच निघाले! बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कालवा झाला तरी शेतकरी पाटाचं पाणी घ्यायला बिचकायचे. जोतिबांनी मांजरीला जमीन घेऊन त्या पाण्यावर शेती करून दाखवली. पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये पाटबंधारे खात्याला चांगलं झोडलं. पट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळत नाही, ही त्यांची तक्रार. शेतकऱ्याला गरजेपुरतं पाणी तोटीने द्यावं आणि रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी व माती दोन्ही जागेवर राहतील, असं त्यांनी सुचवलं.

नंतर पुण्यासाठी पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं झाली. तरी खडकवासल्याच्या कालव्याचं किती पाणी शहराला आणि किती दौंड-इंदापूरच्या शेताला, यावर अजून भांडण होतं. शहर म्हणतं आम्ही वाढलो, शेतकरी म्हणतो आमचं उभं पीक जळतंय. जोतिबा म्युनिसिपालटीत बसायचे आणि शेतही करायचे, त्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

१८८८ साली त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं परिनिर्वाण झालं. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. त्यांचा वाडा तिथेच आहे. पुण्याला गेलात तर वाड्यातली पाण्याची जागा लेकरांना जरूर दाखवा.