विश्लेषण : पंचविशीपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेला बिल टिल्डेन टेनिससम्राट कसा बनला?

विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारा पहिला अमेरिकन पुरुष म्हणजे बिल टिल्डेन. १९२०च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या गतविजेत्या जेराल्ड पॅटरसनला त्याने हरवले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याआधी एकेरीतील एकही मोठी स्पर्धा त्याच्या नावावर नव्हती.

इतका उशीर का?

टिल्डेनचा जन्म १८९३चा, फिलाडेल्फियाच्या जर्मनटाऊन भागातील सधन घरातला. विद्यापीठाच्या संघातही त्याचा खेळ फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. १९११मध्ये आई गेली. १९१५मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि थोरला भाऊ हर्बर्ट यांचेही निधन झाले. एकाकी पडलेल्या टिल्डेनने मग स्वतःला टेनिसमध्ये झोकून दिले. शाळेतील मुलांना तो खेळ शिकवत असे. शिकवताना चेंडूची फिरकी, उसळी, पावलांची जागा यांचा विचार करावा लागला, आणि त्याचा फायदा बहुधा शिष्यांपेक्षा गुरूलाच अधिक झाला.

१९१८ आणि १९१९ अशी सलग दोन वर्षे अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत तो हरला, दोन्ही वेळा सरळ सेटमध्ये. दुसऱ्या वेळी बिल जॉन्स्टनने त्याचे दुखणे नेमके हेरले होते. टिल्डेनचा बॅकहँड निव्वळ बचावाचा होता. चेंडू कापून परत टाकायचा, एवढेच. जॉन्स्टन त्याच बाजूला मारा करत राहिला.

एका हिवाळ्यात काय बदलले?

त्या हिवाळ्यात टिल्डेन ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सला गेला. तेथील एका विमा व्यावसायिकाकडे छत असलेले खासगी कोर्ट होते. अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाच्या या खेळाडूने नवशिक्यासारखी रॅकेटची पकड बदलली आणि अनेक महिने बॅकहँडचा जोरदार, आक्रमक फटका घोटवला. सव्विसाव्या वर्षी हातात बसलेला फटका मोडून नवा घडवायचा, यात जुनाही हातचा जाण्याचा धोका असतो. विम्बल्डननंतर त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने जॉन्स्टनला पाच सेटमध्ये हरवले.

त्यानंतर १९२५पर्यंत अमेरिकन विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. डेव्हिस चषकही १९२० ते १९२६ सलग सात वर्षे अमेरिकेकडे होता. १९२२मध्ये जंतुसंसर्गामुळे उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा काही भाग कापावा लागला, तरी हा क्रम तुटला नाही. १९३०मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी त्याने तिसऱ्यांदा विम्बल्डन जिंकले.

मग व्यावसायिक का झाला?

तेव्हा मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. वृत्तपत्रांत पैसे घेऊन लेखन केल्यावरून टिल्डेनचे संघटनेशी खटके उडत आणि १९२८मध्ये त्याच्यावर बंदीही आली. १९३०च्या अखेरीस त्याने हौशी टेनिस सोडले आणि फेब्रुवारी १९३१मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कारेल कोझेलूविरुद्ध पहिला व्यावसायिक सामना खेळला. विम्बल्डनचे दार कायमचे बंद झाले. त्याऐवजी गावोगावचे दौरे, रोज नवे कोर्ट. १९३४च्या दौऱ्यात पहिला सामना चाळिशीतल्या टिल्डेनने जिंकला, पण दौरा गाजवला त्याच्याहून १८ वर्षांनी लहान एल्सवर्थ व्हाइन्सने. पैसा भरपूर मिळाला, तो नाटकांच्या हौसेत गेला. रंगमंचावर त्याने ड्रॅक्युलाही साकारला! १९४५मध्ये, ५२व्या वर्षी, व्हिन्सेंट रिचर्ड्सच्या साथीने तो व्यावसायिक दुहेरीचा विजेता होता.

शेवट कसा झाला?

अल्पवयीन मुलांशी लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणांत १९४६ आणि १९४९मध्ये त्याला अटक झाली आणि दोनदा तुरुंगवास भोगावा लागला. अनेक जुन्या परिचितांनी पाठ फिरवली, क्लबांची दारे बंद झाली. विक्रम मोठे असले, तरी हा भाग वगळून त्याचे चरित्र सांगता येत नाही. दुसऱ्या तुरुंगवासातून सुटल्यानंतर थोड्याच काळात, १९५०मध्ये, अमेरिकन पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वोत्तम टेनिसपटू निवडले. लॉस एंजेलिसमध्ये तो शिकवण्या करून गुजराण करत होता. ५ जून १९५३ रोजी राहत्या जागी तो मृतावस्थेत आढळला. वय ६० होते. क्लीव्हलंडच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळायला निघण्याची त्याची तयारी झालेली होती.