ब्रेमेनचा हाइनरिश आणि त्याचं टेपर बेरिंग

मंडळी, दिवाळी अंकात बेरिंगवर लेख म्हटल्यावर संपादक मंडळाने नक्कीच एकमेकांकडे पाहिलं असणार. प्रवासवर्णनं, कविता आणि पाककृती यांच्यामध्ये हे लोखंड कुठून आलं? पण गेली वीस-पंचवीस वर्षं जर्मनीत माझं पोट याच लोखंडावर भरतंय. शिवाय ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, तो आपल्यासारखाच देश सोडून गेलेला. फरक इतकाच की आपण इथे आलो आणि तो इथून गेला.

त्याचं नाव हाइनरिश टिमकेन. जन्म १६ ऑगस्ट १८३१, ब्रेमेनजवळ, तेव्हाच्या हानोफर राज्यात. १८३८ साली, म्हणजे तो जेमतेम सात वर्षांचा असताना, त्याचं कुटुंब अमेरिकेला गेलं आणि मिसुरी राज्यात सिडेलियाच्या परिसरात शेती करू लागलं. तिथे हाइनरिशचा हेन्री झाला. आपल्या मुलांच्या नावांचं इथल्या किंडरगार्टनमध्ये काय होतं ते आठवा, म्हणजे कळेल!

शेती सोडून हेन्री सेंट लुईसला एका घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला. आपण इथे ज्याला आउसबिल्डुंग म्हणतो, तेच. चाक, आस, धाव, सगळं हाताने शिकला. १८५५ मध्ये त्याने सेंट लुईसमध्येच स्वतःचा गाड्यांचा कारखाना काढला. १८७७ मध्ये त्याने बग्गीच्या खास स्प्रिंगचं पेटंट घेतलं. ती स्प्रिंग एवढी चालली, की बरेच कारखानदार त्याला पैसे मोजून ती वापरू लागले. पैसा आला आणि १८८७ मध्ये हे गृहस्थ रिटायर होऊन कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला समुद्रकाठी राहायला गेले. पण हाताला कामाची सवय असलेला माणूस, नुसता बसणार किती? काही वर्षांतच तो पुन्हा सेंट लुईसला कामाला लागला.

आता त्याच्यापुढचा प्रश्न काय होता, ते आपल्या बैलगाडीवरून सांगतो. जुन्या गाडीत चाकाचा तुंबा थेट आसावर घासत फिरतो. म्हणून वंगण घालायचं, तरी चाक कुरकुरतं आणि बैलांची निम्मी ताकद त्या घासण्यातच जाते. यावर गोळ्यांचं बेरिंग हा उपाय तोवर निघाला होता. इथे श्वाइनफुर्टमध्ये फ्रीडरिश फिशर याने १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र बनवलं. सायकलला त्या उत्तम. पण गोळी टेकते एका बिंदूवर, त्यामुळे मालाने लादलेल्या गाडीचं ओझं तिला जड जातं. सरळ रोलर सबंध लांबीवर टेकतो, म्हणून जास्त ओझं पेलतो. पण गाडी वळणावर आली की ओझं चाकाला बाजूलाही रेटतं आणि हा आडवा रेटा सरळ रोलरला झेपत नाही. वळणावर लादलेली गाडी अडायची, जनावरं दमायची. जन्मभर गाड्या बनवलेल्या हेन्रीला हे दुखणं नीट माहीत होतं.

त्याने आणि त्याचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन याने मिळून रोलरला निमुळता आकार दिला. आतली रिंग निमुळती, बाहेरची रिंगही निमुळती आणि मध्ये निमुळते रोलर. त्यांच्या उतरत्या रेषा पुढे वाढवल्या, तर आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर न घासता लोळतो, आणि खालचं ओझं व बाजूचा रेटा दोन्ही एकदम घेतो. झीज झाली तर नट थोडा आवळून सैलपणा काढता येतो, हा आणखी फायदा. निमुळत्या रोलरची कल्पना इतरांनीही मांडली होती, पण ती रस्त्यावर चालवून दाखवली टिमकेनने. २८ जून १८९८ रोजी पेटंट मिळालं तेव्हा त्याचं वय होतं सहासष्ट.

पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, मुलांना बरोबर घेऊन त्याने कंपनी काढली. मोटारींचे दिवस येणार हे ओळखून १९०१ मध्ये ती ओहायोतल्या कँटनला हलवली, कारण तिथून पोलादही जवळ आणि मोटारींचे कारखानेही. १६ मार्च १९०९ रोजी सॅन डिएगोला तो वारला.

आता माझा आणि या माणसाचा संबंध कसा आला ते सांगतो. नुकताच डिप्लोमा झाला होता आणि पुण्यात एका ट्रक वर्कशॉपमध्ये लागलो होतो. पुढच्या चाकाचे टेपर बेरिंग बसवायचं काम मला एकट्याला दिलं. जितकं घट्ट तितकं सुरक्षित, अशी माझी समजूत. पान्ह्याला पाइप लावून नट आवळला, कॉटर पिन घातली आणि चहाला गेलो. दुपारी निरोप आला, की ट्रक खंबाटकी घाटात उभा आहे आणि चाकातून धूर येतोय. थोरले मिस्त्री मला एसटीने घेऊन गेले. हब उघडला तर रोलर जळून निळे-काळे पडलेले. आणखी थोडं अंतर गेला असता, तर चाक जाम झालं असतं नाहीतर निखळलं असतं, आणि तेही घाटात. क्लीनर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. काय टळलं हे त्याला कळलंच नव्हतं, तो माझ्याकडे बघून हसत होता. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, माझ्याकडून दुसरं बेरिंग बसवून घेतलं. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट मागे सोडायचा, पुन्हा हलक्या हाताने टेकवायचा आणि पिन घालायची. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवून पाहिलं तर नावापुरती ढिलाई हवी, मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच. बेरिंग फिरताना तापतं, तापलं की फुगतं. त्या फुगण्याला जागा ठेवायची असते. हेन्रीने नटाची सोय दिली, पण तो किती आवळायचा हे हातालाच शिकावं लागतं.

ज्यांच्याकडे ट्रेलर किंवा जुना कॅरॅव्हॅन आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. बेरिंगची ओळख रिंगवरच्या नंबरावरून होते. ३०२०६ मध्ये पहिला ३ म्हणजे टेपर, शेवटच्या ०६ ला पाचाने गुणलं की आतलं भोक ३० मिलिमीटर. इंचाच्या मापात आतल्या आणि बाहेरच्या रिंगचे नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही लिहून घ्या. निवडताना लक्षात ठेवा, कोन जितका मोठा तितका बाजूचा रेटा जास्त झेपतो. शिवाय एक टेपर बेरिंग एकाच बाजूचा रेटा घेतं, म्हणून चाकात दोन बेरिंगं उलट-सुलट तोंडाने बसवतात. बदलताना दोन्ही रिंगा बदला, जुन्या बाहेरच्या रिंगवर नवे रोलर चालवू नका. ग्रीस नुसतं वरून चोपडू नका, रोलरच्या मध्ये दाबून भरा, आणि दोन जातींचं ग्रीस मिसळू नका. निळसर डाग किंवा खड्डे दिसले की बेरिंग बाद. आजच्या बहुतेक मोटारींत मात्र सीलबंद हब असतो, तिथे पाना लावायला जाऊ नका!

हेन्रीच्या मागे त्याचं बेरिंग पुष्कळ फिरलं. १९३० मध्ये सगळ्या आसांना रोलर बेरिंग लावलेलं आगगाडीचं इंजिन अमेरिकेत तीन-चार माणसांनी हाताने ओढून दाखवलं. १९८७ मध्ये टाटांबरोबर जमशेदपूरला कंपनी स्थापन झाली. १९९८ मध्ये, पेटंटला शंभर वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेने त्याचं नाव संशोधकांच्या मानाच्या यादीत घातलं.

आमच्याकडे एक छोटा ट्रेलर आहे. दर वसंतात मी आणि माझी लेक त्याची बेरिंगं उघडून ग्रीस भरतो. यंदा नट तिने लावला. आवळला, आणि मी काही बोलायच्या आत थोडा मागे सोडला. खंबाटकीची गोष्ट तिला पाठ आहे. मिस्त्रींची एक विद्या ब्रेमेनच्या हेन्रीच्या देशात पोचली म्हणायची.